मे महिन्यातलं सोलापूर

(दृश्य: सकाळचा सिद्धेश्वर तलाव. पाण्यात भुईकोट किल्ल्याचे बुरूज.)

ही तटबंदी बहमनी काळातली. पुढे याच किल्ल्यापायी निजामशाही आणि आदिलशाही पुन्हा पुन्हा एकमेकांवर चालून गेल्या. चांदबीबीच्या लग्नात अहमदनगरनं सोलापूर विजापूरला आंदण दिलं. शालू-दागिन्यांबरोबर अख्खं गाव सासरी गेलं म्हणा ना. १६६८ मध्ये विजापूरकरांनी तेच गाव तहात मोगलांच्या पदरात टाकलं. पेठेतल्या विणकराला, तेल्याला कुणी विचारलं नाही.

१८१८ मध्येही नाही. फेब्रुवारीत आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले होते, दुसरा बाजीराव रानोमाळ पळत होता आणि पेशव्यांचं पायदळ सोलापूरच्या आसऱ्याला आलं होतं. मे महिन्यात इंग्रजांचा जनरल मन्रो दक्षिणेकडून चालून आला. १० मेला त्याच्या फौजेनं शिड्या लावून पेठ घेतली. पाच दिवसांत किल्लाही गेला.

(दृश्य: बंद गिरणीची भिंत, तडकलेला चुना.)

१९३० उजाडेपर्यंत मध्ये ११२ वर्षं गेली. १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि तिच्यामागून आणखी गिरण्या आल्या. भोंग्यावर उठणारं, मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असं चार भाषांत भांडणारं आणि चार भाषांत जेवायला बोलावणारं हे शहर झालं. ६ एप्रिल १९३० रोजी इथल्या नगरपालिकेनं आपल्या इमारतीवर तिरंगा फडकवला. गोऱ्या कलेक्टरच्या नाकासमोर!

महिन्याभरानं, ५ मेला, गांधीजींच्या अटकेची बातमी आली. दुकानं बंद झाली, गिरण्या थंडावल्या. सोलापूरला समुद्र नाही, मीठ उचलायला जाणार कुठे? लोकांनी शिंदीची झाडं धरली. शिंदी म्हणजे सरकारचं अबकारी उत्पन्न. बुंध्यावर पडणारा कुऱ्हाडीचा घाव थेट खजिन्यावर पडत होता.

(दृश्य: रूपाभवानी परिसर, मेचं रखरखीत ऊन.)

८ मेला झाडं तोडणाऱ्यांची धरपकड झाली आणि इथे जमाव पेटला. शंकर शिवदारे हा तरुण हातात झेंडा घेऊन पुढे झाला, पोलिसांच्या गोळीनं जागीच पडला. त्यानंतर शहर कुणाच्याच हातात राहिलं नाही. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, न्यायालयाची इमारत पेटली. मारले गेले ते पोलीसही कुणाचे तरी मुलगेच होते. सोलापूरची गोष्ट सांगताना एवढं गाळून चालणार नाही.

मग पोलीस शहराबाहेर निघून गेले. ९, १० आणि ११ मे असे तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्य नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक शहर सांभाळत होते. आंदण म्हणून गेलेलं, तहात सुटलेलं, शिड्या लावून घेतलेलं हे गाव पहिल्यांदा त्याच्या माणसांच्या हाती होतं. मला या तीन दिवसांपुढे किल्ल्याचा सगळा इतिहास लहान वाटतो.

१२ मेला लष्करी कायदा लागला. तो ४९ दिवस चालला, ३० जूनपर्यंत. डोक्यावर गांधी टोपी दिसणं हासुद्धा गुन्हा ठरला. कापडाची एक घडी, खिशात मावणारी. तिच्यासाठी रस्त्यावर बंदुकीचे शिपाई!

(दृश्य: चार हुतात्मा चौक. चार पुतळे, एकेकाचा चेहरा.)

पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी. कुर्बान हुसेन. श्रीकिसन सारडा. जगन्नाथ शिंदे. नुसती नावं वाचली तरी सोलापूरची एखादी गल्ली डोळ्यांसमोर उभी राहते. कुर्बान हुसेन हे गिरणी कामगारांत वावरणारे, 'गझनफर' हे पत्र चालवणारे. १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात चौघे फासावर गेले. संक्रांत दोन दिवसांवर होती. सोलापुरात हे सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याचे, म्हणजे जत्रेचे दिवस, नंदीध्वजांच्या काठ्या निघण्याचे.

(दृश्य: सोलापूर रेल्वे स्थानक, फलाटावर गर्दी.)

आजही रोज सकाळी इथून एक गाडी पुण्याला जाते. डबा हातात धरून कुणी नोकरीला निघालेलं असतं, कुणी दवाखान्याला, कुणी लेकीकडे. खिडकीपाशी बसलेली एक आजी फोनवर सांगते, "निघाले गं, हुतात्मानं येतेय."