गळका स्टेअरिंग बॉक्स, श्रीखंड आणि काकवी

मागच्यांनी जरा पुढं या, टेबलावरच्या दोन वाट्या दिसल्या पाहिजेत. एकीत श्रीखंड, दुसरीत काकवी. श्रीखंडातून बोट ओढतो, बघा, चर पडला आणि तसाच राहिला. काकवीत ओढलं की लगेच बुजला. आजचा अर्धा विषय इथंच संपला, पण चहा यायला वेळ आहे म्हणून बोलतो.

जुना मॅसी ट्रॅक्टर म्हणा, इंटरनॅशनल बी-275 म्हणा, कितीजणांकडं आहे? हात बरेच आहेत. अन् स्टेअरिंग बॉक्समधून गळून खाली पडलेला तेलाचा काळा डाग पण सगळ्यांच्याच, नाही का!

माझीच फजिती सांगतो. तेल अडवणारं सील मिळेना म्हणून बेअरिंगला लावतो ते दोन नंबरचं ग्रीस पंपानं बॉक्समध्ये ठासून भरलं, गळती बंद झाली, मी खूश. द्राक्षाचा एक हंगाम गेला आणि स्टेअरिंग जड लागायला लागलं, मध्येच कटकट. उघडलं तर ग्रीस कडेच्या भिंतीला चिकटलेलं, नवंच्या नवं, आणि जिथं वर्म, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्यावरचा आट्यांचा गियर, घासतो तिथं कोरडं, नुसती तांबूस भुकटी. कारण हा गियर काही इंजिनासारखा गरगर फिरत नाही, थोडा इकडं थोडा तिकडं, तो ग्रीस बाजूला सारतो आणि मग ते परत येतच नाही. श्रीखंडच ते!

म्हणून दाट भरायचं नाही, परत वाहून येईल असं भरायचं. ग्रीसचा नंबर कसा ठरतो, तर 25 डिग्रीला त्यात एक सुळका 5 सेकंद बुडू देतात. दोन नंबरमध्ये तो साधारण 28 मिलिमीटर जातो, 00 मध्ये 40 मिलिमीटर किंवा थोडा जास्तच. हे 00 म्हणजे आपली काकवी, दुकानात सेमी-फ्लुइड ग्रीस म्हणून मागा.

पण लगेच पळू नका. रात्री खाली पुठ्ठा टाका. सकाळी चार थेंब असतील तर 90 च्या जागी त्याहून दाट 140 नंबर गियर ऑइल टाका आणि अधूनमधून लेव्हल बघत राहा, बास. थारोळं असेल तरच 00, तेही जुनं काढून, डिझेलनं धुऊन, पूर्ण निथळून. दोन जातीचे ग्रीस मिसळले तर कधीकधी पाणीच होतं त्यांचं.

कोणीतरी विचारलं, निफाडच्या थंडीत काय? बरोबर प्रश्न. पारा पाचाखाली गेला की 140 पण सकाळी अडतं, थोडा वेळ जड लागेल, घाबरू नका. अजून एक, तेलाच्या डब्यावर जीएल-4 आहे की जीएल-5 ते वाचा, ही गियर ऑइलची प्रतवारी. आत गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या मिश्रधातूचा, बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असेल तर जीएल-5 मधलं गंधकवालं केमिकल त्याला खाऊ शकतं, मी तरी जीएल-4 च घेतो. आणि काढलेलं तेल दुधाळ दिसलं तर पावसाचं पाणी वरून कॉलममधून उतरलंय, आधी तिथं रबर बघा.

शेवटचं, एकाला स्टेअरिंग हलवायला लावा आणि तुम्ही खाली शाफ्टला बोट लावून बसा. शाफ्ट वरखाली होत असेल तर बुश गेलाय, मग काकवी काय नि नवं सील काय, टिकणार नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत लेथवाला गाठा आणि शाफ्ट सोबत न्या, नुसतं माप सांगून बुश बसत नाही.