आस्सेची खाण: आत टाकलेली पिंपं बाहेर कशी काढायची?

(दृश्य: झाडीची डोंगररांग, पायथ्याशी गावं)

जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातली ही आस्सेची डोंगररांग. हिच्या पोटात मीठ आहे. ‘आस्से २’ या खाणीतून १९६४ पर्यंत ते काढलं गेलं आणि मागे उरली रिकामी, अजस्र दालनं.

१९६५ मध्ये सरकारने ही खाण घेतली. मीठ कोट्यवधी वर्षं टिकलंय, म्हणजे तिथं पाणी पोचत नाही. किरणोत्सारी कचऱ्याला याहून कोरडी जागा कुठली, असा विचार होता. पण शेजारची ‘आस्से १’ खाण १९०६ मध्येच पाण्याने भरून गेली होती. पुढे तिसरीचीही तीच गत झाली. हा इशारा पुरेसा होता.

(दृश्य: जुनं चित्रण. लोडरमधून पिंपं घरंगळतात)

१९६७ ते १९७८ या काळात इथं किरणोत्सारी कचऱ्याची १,२५,७८७ पिंपं उतरली. कागदोपत्री हे संशोधन होतं, पण संशोधनाला सव्वा लाख पिंपं लागत नाहीत. सुरुवातीला ती नीट रचली जायची. नंतर लोडरने उतारावरून सरळ ओतली आणि वर मीठ लोटलं. पुन्हा बाहेर काढायचीच नाहीत, तर रचायची कशाला?

आत वापरलेल्या अणुइंधनाच्या कांड्या नाहीत. कमी आणि मध्यम तीव्रतेचा कचरा आहे: गाळण्या, गाळ, कपडे, मोडतोड. पण त्यातच सुमारे २८ किलो प्लुटोनियमही आहे. प्लुटोनियम-२३९ निम्मं व्हायला २४ हजार वर्षं लागतात.

(दृश्य: भिंतीवरून झिरपणारं खारं पाणी)

१९८८ पासून खाणीत पाणी झिरपतंय. दक्षिण बाजूला मीठ अगदी कडेपर्यंत खणलं होतं. दालनं कित्येक दशकं पोकळ राहिली, डोंगराचा भार सरकला, खडकाला भेगा पडल्या. रोज साधारण १२ हजार लिटर पाणी येत राहिलं. ते कचऱ्यापर्यंत पोचू नये म्हणून वरच्या पातळीवरच अडवून उपसावं लागतं. खाली दूषित खारं पाणी हाताळलं जातंय, हे २००८ मध्ये उघड झालं आणि लोक संतापले. आजूबाजूच्या गावांत दारोदारी विरोधाचं चिन्ह म्हणून पिवळा ‘ए’ (‘आस्से’तलं पहिलं रोमन अक्षर) उभा राहिला, लाकडाचा. या गावांनी पिच्छा सोडला नाही, म्हणूनच हा विषय दडपला गेला नाही, असं मला वाटतं.

२०१३ मध्ये जर्मन संसदेने कायदा केला: सगळा कचरा बाहेर काढायचा.

पण काढायचा कसा? पिंपं चेपलीत, गंजलीत, मिठात रुतलीत. छताचा भरवसा नाही, त्यामुळे माणसाऐवजी दुरून चालवायची यंत्रं पाठवावी लागतील. खाणीत उतरायची जुनी विहीर अपुरी, म्हणून नवी खोदायला हवी. कचरा बाहेर काढणं २०३३ मध्ये सुरू करायचं, असं ठरवलं गेलं होतं.

वर आलेला कचरा तात्पुरता खाणीजवळच ठेवायचा, असं खाण सांभाळणाऱ्या संस्थेचं म्हणणं. खाणीजवळच्या रेमलिंगेन गावाच्या परिसरातले लोक विचारतात: दूरच्या जागाही का तपासल्या नाहीत? आणि कायमचा कुठे जाणार, ते अजून ठरलेलं नाही.