दोन इंजिनं, टाकी मात्र एक

मंडळी, दोन इंजिनांची जुनी बोट घेणाऱ्याचा एक हिशेब पक्का असतो: एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येऊ. पण दोन्ही इंजिनं एकाच टाकीतलं पेट्रोल पीत असतील आणि एकाच बॅटरीवर सुरू होत असतील, तर पंखे (प्रोपेलर) तेवढे दोन. इंजिन एकच समजा.

याचा दाखला अमेरिकेतला. १९६०-७०च्या दशकांतल्या बर्ट्राम, हॅटरससारख्या काही बोटींच्या टाक्याही फायबरच्याच होत्या. पुढे तिकडच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल आलं आणि टाकीतलं जुनं रेझिन (फायबर जोडून ठेवणारी राळ) त्यात विरघळायला लागलं. फिल्टरमधून ते सहज निसटायचं आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर डांबरासारखं बसायचं, तेही दोन्ही इंजिनांत! आपल्याकडे आता २० टक्के मिसळतात. अशी टाकी दिसली तर डागडुजी करत बसू नका, बदला. प्रत्येक इंजिनाला वेगळी टाकी आणि पाणी वेगळं काढणारा वेगळा फिल्टर हवा. मधल्या जोडनळीचा कॉक एरवी बंद ठेवा.

दुसरा धोका एक्झॉस्टचा. खाऱ्या पाण्यावर थंड होणारे बिडाचे मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा भाग) आणि रायझर (तो धूर पुढे नेणारा नळ) पाच-सहा वर्षांत आतून खंगतात. बाहेरचा रंग मात्र झकास असतो. पाणी सिलिंडरमध्ये उतरतं आणि पाणी काही दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड. स्टार्टर मारल्यावर इंजिन ‘टक्’ करून अडलं, तर चावी पुन्हा फिरवू नका. आधी सगळे स्पार्क प्लग काढा. एका बाजूचा रायझर गेला म्हणजे दुसरीकडचाही त्याच वयाचा आहे, तोही बदला. थंड करणारं पाणी खेचणाऱ्या पंपातला रबरी इंपेलर (पात्यांचं चाक) दरवर्षी नवा घाला. एखादं पातं तुटलेलं निघालं तर ते सापडल्याशिवाय झाकण लावायचं नाही. बहुधा पुढे कूलरच्या तोंडाशी अडकलेलं असतं.

स्टार्टर, अल्टरनेटर मोटारीचे स्वस्तात मिळतात, बसतातही. ते घेऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी साचते आणि मोटारीच्या स्टार्टरची ठिणगी उघडी असते. ब्लोअर (इंजिनाच्या खणातली वाफ बाहेर काढणारा फॅन) चार मिनिटं चालवल्याशिवाय चावीला हात नको.

डेकच्या पोटात बऱ्याचदा बाल्सा लाकूड असतं. त्याला खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचं गोडं पाणी जास्त कुजवतं, म्हणून शाकारण्याआधी क्लीटांचे (दोर बांधायच्या खुंट्यांचे) बोल्ट काढून नव्याने सील करा. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकून बघा: टणक आवाज ठीक, भदभद आवाज आला की आत भुसा.

शाफ्ट (इंजिनाकडून पंख्याकडे जाणारा दांडा) सरळ बसवण्याचं काम बोट पाण्यात उतरवून एक-दोन दिवसांनी करा. ठोकळ्यांवर बूड थोडं वाकतं. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या चार इंची कपलिंगच्या दोन तोंडांमधला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा.

आणि एका इंजिनावर खरंच यायची वेळ आली, तर तीस फुटी बोट सहा-सात नॉटच्या वर रेटू नका. एकट्या पंख्यावर भार पेलत नाही, इंजिन तापतं. बंद इंजिनाचा शाफ्ट पाण्याच्या ओढीने फिरत राहतो. काही गिअरबॉक्सना तेव्हा तेल मिळत नाही, काही शाफ्ट-सीलना पाणी. मॅन्युअल बघा, आणि मनाई असेल तर तो शाफ्ट पाइप रेंचने अडकवून ठेवा. रेंच बोटीवरच असू द्या.