गाडीचा हप्ता आणि घराची फाईल

(गाडीप्रेमींच्या मेळाव्यातलं व्याख्यान, शब्दांकित आणि संपादित)

मंडळी, टेबलावर दोन वस्तू ठेवल्या आहेत. पहिली म्हणजे गेल्या आठवड्यात माझ्या गाडीतून निघालेला ब्रेक पॅड. पुढे बसलेल्यांनी हातात घेऊन बघा. मागच्या लोखंडी पट्टीवर घासून चाक थांबवणारा जेमतेम 3 मिलिमीटरचा थर उरलाय आणि एका कडेला तर त्याहूनही कमी. दुसरी वस्तू म्हणजे एक कागद. गृहकर्जाच्या 240 हप्त्यांचा तक्ता आहे तो. प्रत्येक ओळीत व्याज किती, मुद्दल किती, बाकी किती. मी बरीच वर्षं गृहकर्जाच्या फायली तपासण्याचं काम केलंय, आणि गाड्यांचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. त्यामुळे या दोन्ही वस्तू मला सारख्याच जवळच्या आहेत.

गाडी ही चैन आहे, घर घ्यायचं तर ती सोडा, असं सांगायला मी आलेलो नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला बेअरिंग गेलाय ते ओळखणारी माणसं इथे बसली आहेत. वेड असं सोड म्हणून सुटत नाही, आणि ते सोडायची गरजही नाही. पण इतक्या फायली चाळल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली. गाडीवर केलेल्या खर्चामुळे कुणाचं घर सहसा अडत नाही. अडतं ते गाडीसाठी लावून घेतलेल्या हप्त्यामुळे. हे दोन्ही एकच वाटतं, पण फरक फार मोठा आहे.

आकडे सांगतो. चलन कुठलंही धरा. वार्षिक 9 टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत असेल, तर दर लाखाला महिन्याचा हप्ता साधारण 900 येतो. आता हेच उलट्या बाजूने बघा. कर्ज देणारा तुमच्या मिळकतीतला ठरावीक हिस्सा हप्त्यांसाठी धरतो. त्या हिश्श्यातले 1,000 आधीच दुसरीकडे जात असतील, तर तेवढ्या हप्त्यावर मिळालं असतं असं सुमारे 1,11,000 गृहकर्ज कमी होतं. महिन्याला हजार म्हणजे कर्जात एक लाख अकरा हजार. हा आकडा खिशात ठेवून द्या. दर बदलला की तो थोडा खालीवर होईल, पण अंदाज घ्यायला पुरेसा आहे.

एक फाईल मी विसरू शकत नाही. तरुण जोडपं, दोघंही कमावते, परतफेडीत एकही चूक नाही. मुलाने गाडीला अलॉयची चाकं, एक्झॉस्ट, सस्पेन्शन आणि साउंड असं सगळं करून घेतलं होतं, आणि त्यासाठी तीन वर्षांचं वैयक्तिक कर्ज काढलं होतं. समजा 2 लाख, 14 टक्क्यांनी. त्याचा हप्ता होतो साधारण 6,800. कागदावर बोजा दोन लाखांचाच दिसतो, पण त्याने गृहकर्जाची पात्रता साडेसात लाखांनी खाली आणली. पसंत केलेल्या घरासाठी कमी पडणारी रक्कम याहून थोडीशीच कमी होती. मी समोर बसून हिशेब मांडला तेव्हा मुलगी कागदाकडे बघत राहिली आणि मुलगा म्हणाला, "पण साहेब, दोनच लाख तर होते ना." त्याचं काही चुकत नव्हतं. तो खर्च मोजत होता आणि फाईल हप्ता मोजत होती.

त्यांचा तिढा पुढे सुटला, तो कसा तेही सांगतो. डाउन पेमेंटसाठी साठवलेल्या पैशात जरा जास्तीचे होते. त्यातून त्यांनी ते वैयक्तिक कर्ज आधी फेडून टाकलं. बंद झाल्याचा दाखला घेतला, आपल्या कर्जांची नोंद अद्ययावत व्हायची वाट पाहिली आणि मग पुन्हा अर्ज केला. शिलकीतून लाख-दीड लाख गेले आणि पात्रता साडेसात लाखांनी वाढली. फार थोडे हप्ते उरले असतील तर काही ठिकाणी ते मोजत नाहीत, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि "बिनव्याजी हप्ते" म्हणून टायर किंवा सीट कव्हर घेतले असतील तर तोही हप्ताच असतो हे लक्षात ठेवा.

म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं की पहिला प्रश्न मी हा करतो: तुमचं घर अडलंय कुठे? साठवलेल्या पैशात की महिन्याच्या मिळकतीत? ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची औषधंही वेगळी. मिळकत भरपूर आहे पण डाउन पेमेंट साठत नाही, अशा माणसाला रोखीने केलेला खर्च महागात पडतो. घराच्या किमतीच्या 80 टक्के कर्ज मिळणार असेल, तर हाताशी असलेल्या दर 1 लाखावर 5 लाखांचं घर उभं राहतं. गाडीवर रोख लाख घातले की घराचा आवाका पाच लाखांनी आखडतो. याउलट साठवण चांगली आहे पण मिळकतीच्या मानाने हप्ता बसत नाही, अशा माणसाला रोख खर्च त्या मानाने कमी बाधतो, हप्ता मात्र शंभरपटीहून जास्त नडतो. आपण कुठल्या गटात आहोत हे न बघताच "गाडीवर थोडं केलं तर काय बिघडतं?" असा वाद बहुतेक घरांत चालतो. नवरा-बायको तासन्‌तास भांडतात आणि दोघांचंही म्हणणं अर्धंच बरोबर असतं.

आता या ब्रेक पॅडकडे येतो. घरासाठी पैसे जमवताना गाडीवर एक पैसाही घालायचा नाही अशी शपथ काही जण घेतात. मला ती धोक्याची वाटते. पॅड, टायर, ब्रेक ऑइल, स्टिअरिंगचे सांधे, गळणारे शॉक ॲब्सॉर्बर, यांना अपग्रेडच्या यादीत घालूच नका. ही गाडीची रोजची भाकरी आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट 4 दर्जाचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा 155 पर्यंत उतरू शकते. लांबच्या उतारावर ब्रेक तापले की नळीत वाफ होते आणि पेडल पायाखाली मऊ पडत जातं. ज्याने हे एकदा अनुभवलंय तो साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला कधी विसरत नाही. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, आज घरी गेल्यावर बघा. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात बनला. खाचा खोल दिसल्या तरी रबर जुनं होऊन कडक होतं. चांगले टायर आणि चांगले पॅड यांवर केलेल्या खर्चाइतका फरक गाडीत दुसऱ्या कुठल्याच खर्चाने पडत नाही, हे मी गाडीवेडा म्हणूनच सांगतोय.

बाकीच्या गोष्टींचं म्हणाल, तर काहींवर मी घर घ्यायचं नसतं तरीही खर्च केला नसता. टर्बो नसलेल्या इंजिनाचं रिमॅपिंग, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची मांडणी बदलणं, हे एक. टर्बो म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा; तो असेल तर हवेचा दाब वाढवून ताकद मिळते. टर्बोच नसेल तर वाढवणार काय? हाती फार थोडं लागतं. मोठ्या रिमचंही तसंच. 205/55 आर 16 हा टायर घ्या. रुंदी 205 मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या 55 टक्के, म्हणजे साधारण 113 मिलिमीटर, आणि रिम 16 इंची. त्याच्या जागी 17 इंची रिमवर 225/45 चढवला की एकूण उंची जवळपास तीच राहते, पण कडेचं रबर 101 वर येतं. खड्डा झेलणारं बोटभर रबर गेलं, आणि वर रिम बहुतेक वेळा जड झालं. दिसायला देखणं दिसतं, तो आनंदही खरा आहे. फक्त त्यासाठी हप्ता लावून घेऊ नका. आणि काहीही बदल केला तरी विमा कंपनीला कळवा. न कळवलेल्या बदलामुळे दावा अडकू शकतो, आणि तो भुर्दंड ऐन घराच्या हप्त्यांच्या काळात अंगावर आला तर कंबरडं मोडतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. थांबा म्हटलं की माणसाला आपल्यावर अन्याय होतोय असं वाटतं. पण थांबायला एक भक्कम कारण आहे, आणि ते गाडीच्याच बाजूचं आहे. गाडी कशी हवी हे घर ठरवतं. माझंच उदाहरण देतो. घर बघत होतो त्या वर्षी गाडी 40 मिलिमीटर खाली आणायचं माझ्या डोक्यात पक्कं होतं. स्प्रिंग कुठले, शॉक ॲब्सॉर्बर कुठले, सगळं ठरलेलं. पैसेही बाजूला होते. मग एका घराच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये मी गाडी घेऊन उतरलो. परत वर येताना रॅम्प जिथे संपून जमीन सपाट होते, तिथे पोटाखालून घासल्याचा आवाज आला. गाडी मूळ उंचीची होती, आत आम्ही चौघं बसलो होतो. उतरून वाकून पाहिलं. पुढची चाकं सपाटीवर, मागची उतारावर, आणि मधला कंगोरा बरोबर गाडीच्या पोटाला लागलेला. तिथल्या तिथे कळलं, 40 मिलिमीटर खाली आणलेली गाडी या घरात रोज दोनदा पोट घासणार. घर आम्हाला आवडलं होतं, आणि आम्ही तेच घेतलं.

म्हणून घर बघायला जाल तेव्हा स्वतःची गाडी घेऊन जा. पार्किंगमध्ये लावून बघा, दार पूर्ण उघडतं का, खांब कुठे येतो, विजेवरची गाडी घ्यायचा विचार असेल तर चार्जिंगची तार तिथवर आणता येते का. कामाची जागा तिथून किती लांब आहे तेही गाडीच्याच हिशेबात येतं. रोजचं अंतर 10 किलोमीटरवरून 40 वर गेलं तर तुम्हाला कडक सस्पेन्शन नको असेल, बरी सीट हवी असेल. घर कामाच्या जवळ मिळालं तर कदाचित दोन गाड्यांतली एक विकताही येईल. हे काहीच माहीत नसताना आज जे बसवाल, ते पुढे उपयोगी पडेल की काढावं लागेल हे कसं कळणार?

वेळेबद्दल एकच सांगतो. अर्ज केल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत नवं कर्ज, नवं क्रेडिट कार्ड, हप्त्यांवरची खरेदी, काही म्हणजे काही करू नका. रक्कम सोडण्याआधी तुमची नोंद पुन्हा पाहिली जाऊ शकते. मंजुरीपत्र हातात पडलं की लोकांना सुटल्यासारखं वाटतं आणि त्याच आठवड्यात ते अलॉयची ऑर्डर देतात. जरा दम धरा.

(यानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातल्या दोघांना दिलेली उत्तरं इथे घेतली आहेत.)

आधीच बदललेल्या गाडीचं काय करायचं, असं या दादांनी विचारलंय. बसवलेल्या वस्तूंचे पैसे गाडीच्या किमतीत परत येतील ही आशा सोडा. घेणाऱ्याला मूळ स्थितीतली गाडीच जास्त विश्वासाची वाटते. काढलेले मूळ भाग जपून ठेवले असतील तर ते परत चढवा, आणि बाहेरून आणलेल्या वस्तू सुट्या विका. त्यांची खरी किंमत करणारा माणूस तुमच्यासारखाच गाडीवेडा असतो. त्या पैशातून आधी हप्ता बंद करा. हप्ता नसेल तर डाउन पेमेंटमध्ये टाका.

आणि ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे: घर झालं, आता गाडीसाठी किती थांबायचं? मी वर्षभर म्हणतो. वर्षात सगळे ऋतू घरावरून जातात, कुठे ओल येते, कुठला नळ गळतो, वीज-पाण्याचं बिल किती येतं, सगळं कळतं. देखभालीला वर्षाला घराच्या किमतीच्या 1 टक्का धरण्याचा एक ढोबळ ठोकताळा आहे. नव्या घराला तेवढं लागत नाही, जुन्याला जास्तही लागतं. शिवाय हा तक्ता बघा. 9 टक्क्यांच्या हिशेबात पहिल्या हप्त्यातले सहापैकी पाच हिस्से व्याजच आहेत. निम्मं मुद्दल फिटायला 20 पैकी 14 वर्षं जातात. त्यामुळे सुरुवातीला भरलेल्या जादा पैशाला मोठी ताकद असते. पहिल्या वर्षाच्या शेवटी मूळ कर्जाच्या 1 टक्का रक्कम जादा भरली आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळजवळ 6 हप्ते गळून पडतात. तेवढं एकदा करा, अडीअडचणीला सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडू द्या, आणि मग गाडीसाठी वेगळं खातं उघडून त्यात दरमहा ठरलेली रक्कम टाका. त्यात जमेल तेवढंच गाडीवर करायचं. त्या पैशाबद्दल घरात कुणी कुणाला जाब विचारायचा नाही, हे आमच्याकडे दोघांनी मिळून ठरवलंय, आणि आजवर दोघांनीही पाळलंय.

माझे शॉक ॲब्सॉर्बर घर ताब्यात आल्यावर 14 महिन्यांनी बसले. स्प्रिंग मात्र मूळ उंचीचेच घेतले. रॅम्प आता ओळखीचा होता.