शुगर किती आली?

टेबलावर ग्लुकोमीटर. शेजारी स्ट्रिप्सची डबी, काल होती तेवढीच भरलेली. घरातल्या कुणाच्या तरी हे लक्षात आलंय. आता आतून हाक येईल : "शुगर तपासलीस का? किती आली?"

विचारणाऱ्याच्या पोटात काळजीच असते. पण टाइप वन मधुमेह असलेल्या, रोज चार-पाच वेळा हेच ऐकणाऱ्याला वाटतं, निकाल मागतायत. 260 म्हणजे नापास. मग तपासणं सुटतं, किंवा आकडा खोटा सांगितला जातो.

टाइप वन मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. गोड खाल्ल्यामुळे हा आजार झालेला नसतो, आणि घरच्यांनी हे एकदा तरी मोठ्याने म्हणायला हवं. कितीतरी जण मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत असतात.

1922 च्या जानेवारीत टोरांटोमध्ये 14 वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला इन्सुलिन टोचलं गेलं. तोवर हे निदान म्हणजे मृत्यूच होता. आज औषध आहे, पण सुट्टी नाही. सगळं नीट करूनही ताप, ताण किंवा वयात येतानाची संप्रेरकं साखर चढवतात. हा थकवा खरा आहे.

"डोळे जातील" ही धमकी सहसा चालत नाही. त्यापेक्षा दिलासा द्या. 1993 साली जाहीर झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने डोळ्यांच्या विकाराचा धोका 76 टक्क्यांनी घटला होता. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, थोडं उतरलं तरी फायदा होतो. म्हणून एकदम सगळं मागू नका. "यातलं सगळ्यात नकोसं काय वाटतं?" असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. स्ट्रिप्स आणणं, डॉक्टरांची वेळ घेणं, असलं एखादं काम स्वतःकडे घ्या.

मात्र साखर चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, खोल आणि जोराचा श्वास दिसला, तर समजावत बसू नका. तो कीटोॲसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन कमी पडून रक्तात आम्ल साठण्याची जीवघेणी अवस्था, असू शकतो. तडक रुग्णालय गाठा. जेवण गेलं नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नसतं.

पुन्हा तेच टेबल. डबीचं झाकण उघडलंय. कुणी न विचारता मीटर पुढे सरकतो : 260.

"बरं झालं तपासलंस. इन्सुलिनचं पेन आणून देऊ?"