स्विच तिसऱ्या जागी आणला की…

(टेबलावर इलेक्ट्रिक गिटार. एक हात स्विच सरकवतो. टक्. तारा छेडल्या जातात. शांतता.)

पहिल्या जागी वाजते, पाचव्या जागीही वाजते. तिसऱ्या जागी मात्र मुकी. अशा वेळी हात आधी स्क्रू खोलायला धावतो. थोडं थांबा. बरंच काही ही गिटार बाहेरूनच सांगते, फक्त तिला नीट विचारावं लागतं.

सुरुवात केबलपासून. दुसरी केबल लावून बघा. मग जॅकपाशी, म्हणजे गिटारवर केबल जिथे खुपसतो तिथे, प्लग हलकेच हलवा. खरखर झाली, तर तिथला नट सैल आहे. सैल जॅक प्लगबरोबर फिरतो, आतल्या वायरी पिळल्या जातात आणि एक दिवस तुटतात. नट आवळताना आतून जॅक धरून ठेवा, नाहीतर तुम्हीच वायर पिळाल.

(जवळून : स्क्रूड्रायव्हरचं टोक, खाली पिकअप.)

आता माझी सगळ्यात आवडती चाचणी. अँपचा, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या यंत्राचा, आवाज कमी ठेवायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पिकअपवर हळूच टिचकी मारायची. पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं कंपन पकडणारा भाग; कुठला पिकअप वाजायचा ते स्विच ठरवतो. जो पिकअप चालू असेल, तो अँपमधून ‘टक्’ असं उत्तर देतो.

तिसऱ्या जागी एकटा मधला पिकअप जोडलेला असतो, म्हणून संशय आधी त्याच्यावर. स्विच दुसऱ्या जागी न्या. इथे ब्रिजजवळचा (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथला) आणि मधला, असे दोन्ही पिकअप एकत्र जोडलेले असतात. 1954 साली फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकॅस्टर ही तीन पिकअपची गिटार आली तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वाजवणारे तो दोन जागांच्या मधे अडकवून हा एकत्र आवाज काढायचे. फेंडरने पाच जागांचा स्विच द्यायला 1977 साल उजाडलं. आपल्याला आज तीच दुसरी जागा उपयोगी पडते. मधल्या पिकअपवर टिचकी. टक्!

म्हणजे पिकअप जिवंत आहे. त्याची वायरही स्विचपर्यंत शाबूत आहे. संशय उरतो तो स्विचच्या आतल्या पत्रीवर.

(मल्टिमीटरचा पडदा.)

खात्री करू. केबल गिटारला लावलेली, व्हॉल्यूम पूर्ण. केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटरची एक पिन प्लगच्या टोकावर, दुसरी दांड्यावर. पहिल्या जागी रोध साधारण 6 किलो-ओहम. दुसऱ्या जागी दोन पिकअप समांतर, म्हणून जवळजवळ निम्मे. आणि तिसऱ्या जागी… 250! हा आकडा पिकअपचा नाही, व्हॉल्यूमच्या पॉटचा, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या फिरत्या रोधकाचा आहे. पिकअप मीटरपर्यंत पोचतच नाही. इथे शून्य दिसलं असतं, तर कुठेतरी शॉर्ट शोधावा लागला असता.

आता खोलायला हरकत नाही. तारा सैल करून काढा, पिकगार्ड, म्हणजे पिकअप आणि स्विच बसवलेला पुढचा पत्रा, सावकाश उचला, खालच्या वायरींना ताण देऊ नका.

(जवळून : स्विच. पितळी पट्ट्यांवर काळपट थर.)

हा बघा. वर्षानुवर्षांची धूळ आणि घाम. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन थेंब, मग स्विच वीस-पंचवीस वेळा मागेपुढे. गंज सोडवायचे तेलकट स्प्रे इथे कृपा करून मारू नका, त्यांचा थर राहतो आणि त्यावर पुन्हा धूळ बसते. पॉट खरखरत असेल, तर त्यालाही हाच उपाय.

उघडलंच आहे तर सोल्डरचे सांधेही बघून घ्या. भुरकट, गोळ्यासारखा बसलेला सांधा कच्चा असतो. तो पुन्हा तापवायचा, पण आधी गिटारच्या पॉलिशवर कापड पसरून. गरम सोल्डरचा एक थेंब पडला, की डाग कायमचा.

आणि गुणगुण? तारांना हात लावल्यावर ती कमी होत असेल, तर ब्रिजची ग्राउंड वायर (तारांना सर्किटच्या ग्राउंडशी जोडणारी) जागेवर आहे. हात लावल्यावर वाढत असेल, तर जॅकवरच्या दोन वायरींची अदलाबदल झाली आहे का, ते आधी तपासा.

(पिकगार्ड परत बसतो. तारा चढतात. स्विच तिसऱ्या जागी. टक्. एक मोकळा, भरदार कॉर्ड, विरत जाईपर्यंत.)