पाणी कुठे मुरतंय?

मंडळी, मोटारीचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या मोठ्या गळतीबद्दल मला आज काही सांगायचं नाही. होज म्हणजे रबरी नळी फुटली, वाफ उडाली, गाडी रस्त्याच्या कडेला उभी राहिली की दोष आपणहून समोर येतो. मला बोलायचंय ते बारीक गळतीबद्दल. टाकीतली पातळी महिन्याभरात दोन बोटं उतरते, जमिनीवर डाग नसतो, तापमानाचा काटा मधोमध असतो. मालक पाणी घालतो आणि विसरतो. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण एरवी माणसांच्या बाबतीत म्हणतो, इथे ते शब्दशः खरं असतं.

उदाहरण घेतोय ते माझ्या स्वतःच्या गाडीचं. माझी नोकरी कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षं मी जर्मनीत स्टुटगार्टच्या परिसरात काढली. तिथे 2003 सालची पोर्शे बॉक्स्टर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार जुनी म्हणून घेतली. ही गाडी 1996 मध्ये बाजारात आली, पहिलं इंजिन 2.5 लिटर आणि 204 अश्वशक्तीचं. सहा सिलिंडर आडवे, तीन इकडे तीन तिकडे, आणि थंड करायला पाणी. पोर्शेचीच 911 मात्र 1963 पासून हवेवर थंड होत आली होती, हवेवरची शेवटची 911 कारखान्यातून 1998 मध्ये बाहेर पडली. म्हणजे या गाडीपासून पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाड्यांमधल्या आडव्या सहा सिलिंडरवाल्या इंजिनांचा पूर्ण पाण्याचा संसार सुरू झाला असं म्हणायला हरकत नाही.

आता या संसाराचा पसारा डोळ्यासमोर आणा, कारण निदान इथूनच सुरू होतं. इंजिन सीटच्या मागे, गाडीच्या पोटात. रेडिएटर पार पुढे, दोन्ही पुढच्या चाकांच्या पुढ्यात एकेक. या दोन टोकांमध्ये पाणी गाडीखालून ॲल्युमिनियमच्या लांब नळ्यांमधून जातं-येतं, आणि जिथे नळी संपते तिथे रबरी होज आणि तो आवळून धरणारा क्लॅम्प. भरायची टाकी मागच्या डिकीत उजव्या बाजूला. आपल्या छोट्या हॅचबॅकमध्ये चार-पाच लिटर कूलंट, म्हणजे हे इंजिन थंड ठेवणारं पाणी, असतं, इथे वीस लिटरच्या आसपास. बॉनेट उघडून इंजिन बघावं तर ते दिसतच नाही. पुढच्या बॉनेटखाली सामान ठेवायची जागा आहे. म्हणून या गाडीत डोळ्यांपेक्षा डोकं आधी वापरावं लागतं.

वीस लिटरमधले दोनशे मिलिलिटर गेले तर काट्याला पत्ताही लागत नाही. उलट पाणी फारच उतरलं आणि तापमानाचा सेन्सर हवेत उघडा पडला, तर काटा चुकीचं सांगू शकतो. म्हणून काट्यावर भिस्त ठेवून गळतीचा शोध घेऊ नका.

माझी गाडी मी तिथल्या एका वर्कशॉपमध्ये नेली. त्यांनी इंजिन कोमट असताना प्रेशर टेस्टर, म्हणजे हवेचा दाब देऊन तो उतरतो का ते बघायचं हत्यार, लावला, पंधरा मिनिटं दाब टिकला. मग म्हणाले, या गाडीत टाकीच तडकते, टाकी बदलूया. त्यांचं म्हणणं निराधार नव्हतं. या मॉडेलमध्ये डिकीतली प्लास्टिकची टाकी वयानं सांध्यावर तडकते, हे बॉक्स्टरवर काम करणाऱ्या कुणालाही माहीत आहे. टाकी बदलली. बिल भरलं. महिन्यानं पातळी पुन्हा खाली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! गाडीचा नेहमीचा आजार माहीत असणं आणि समोरच्या गाडीचा आजार ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे मी टाकीची किंमत मोजून शिकलो.

त्या रात्री मला कोल्हापुरातले आमचे रेडिएटरवाले काका आठवले. मी शाळेत असताना वडिलांच्या जीपचा पितळी रेडिएटर घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो. काकांनी त्याची तोंडं रबरी बुचांनी बंद केली, एका तोंडातून हवा सोडली आणि तो अख्खा रेडिएटर पाण्याच्या हौदात बुडवला. मी लगेच ओरडलो, बुडबुडे आले! काका म्हणाले, "थांब की रं. ती पंख्यांत अडकलेली हवा हाय. पाणी निवू दे." पाच मिनिटं ते हौदाशी उकिडवे बसून राहिले. पाणी आरशासारखं झालं. मग खालच्या कोपऱ्यातून एक बारीक बुडबुडा सुटला, थोड्या वेळानं त्याच जागेवरून दुसरा. त्यांनी तिथे खिळ्यानं खूण केली, रेडिएटर वर काढला आणि डाग देऊन भोक बुजवलं. डाग द्यायला दोन मिनिटंही लागली नसतील.

मोटारीला हौदात बुडवता येत नाही. पण पाणी निवू देता येतं, म्हणजे बाकीची सगळी हालचाल थांबवून एकच गोष्ट मोजता येते. मी डिकीतल्या टाकीच्या पातळी दिसते त्या खिडकीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि शनिवारी सकाळी सात वाजता पातळीची रेघ मारली. गाडी जागची हलवली नाही. सोमवारी सकाळी सात वाजता पुन्हा बघितलं. इथे एक खबरदारी घ्या. कूलंट तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. संध्याकाळी गरम इंजिनावर मारलेली रेघ आणि सकाळची रेघ यांची तुलना केली तर गळती नसतानाही गळती दिसेल. गार इंजिन, तीच जागा, तोच उतार, तेवढंच खरं.

सोमवारी पातळी रेघेच्या खाली होती, जवळजवळ पाव बोट. पुढच्या आठवड्यात मी रोज गाडी चालवली आणि रोज सकाळी बघितलं. फरक फारच कमी. म्हणजे गाडी चालताना पाणी जात नव्हतं, उभी असताना जात होतं! त्यातही थंडी जास्त पडली की जास्त. या एका निरीक्षणानं अर्धे संशयित बाद झाले. वॉटर पंपाचं सील गेलं असतं, तर पंप फिरताना आणि दाब असताना पाणी पडलं असतं. पंपाच्या अंगावर त्यासाठीच एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं, सील थकलं की तिथून पाणी ओघळतं आणि वाळून पांढरट-गुलाबी खपली उरते. हेड गॅसकेटचा, म्हणजे इंजिनाचं डोकं आणि धड यांमधल्या पट्टीचा, दोष असता, तर जोर पडल्यावर पाणी गेलं असतं. थंडीत गळणारी आणि गरम झाल्यावर बंद होणारी जागा म्हणजे जवळजवळ नेहमी रबर आणि धातूचा जोड. रबर वयानं कडक होतं, थंडीत दोन्ही आकसतात आणि पकड सुटते. तापलं की फुगून फट बुजते. कोमट इंजिनावर पंधरा मिनिटं लावलेला टेस्टर म्हणून काही सांगू शकला नाही. गैरसमज नको, टेस्टर उत्तम हत्यार आहे. पण तो गार इंजिनावर लावून रात्रभर ठेवा, आणि झाकणावर छापलेल्या दाबाच्या वर कधी नेऊ नका.

मग गाडी लिफ्टवर घेतली आणि खालचं आवरण काढलं. आधी सगळं धुऊन कोरडं केलं, कारण वीस वर्षांच्या तेलकट धुळीत थेंब सापडत नाही. कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकून दोन दिवस आधी गाडी फिरवली होती. अंधार करून अतिनील दिवा फिरवला. आवरणाच्या मागच्या कडेवर हिरवा ओघळ चमकत होता, म्हणजे टाकीच्या जवळच. इथेच कुणीही पुन्हा टाकीवर बोट ठेवलं असतं. मी ओघळ उलटा वाचत गेलो. तो नळीच्या पोटाला धरून पुढे पुढे गेला, हातभर अंतरावर नळी होजमध्ये शिरते तिथे संपला. पाणी तिथे सुटत होतं, नळी धरून मागे येत होतं, आवरणात साचत होतं आणि चालत्या गाडीत वाऱ्यानं, उष्णतेनं उडून जात होतं. म्हणून जमिनीवर डाग नाही.

त्या जोडावर मूळचा स्प्रिंग क्लॅम्प नव्हता. आधी कुणीतरी कामासाठी होज काढला असेल आणि परत लावताना स्क्रूवाली क्लिप आवळली असेल. स्क्रूची क्लिप आवळली तेवढीच राहते. रबर आकसलं तरी ती मागोमाग येत नाही. स्प्रिंग क्लॅम्प येतो, सतत दाबत राहतो. मी होज उतरवला. नळीच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा पांढरा खरखरीत थर आला होता, बोटाला पिठासारखा लागत होता. तो बारीक पॉलिश पेपरनं साफ केला, नवा होज, बरोबर मापाचा स्प्रिंग क्लॅम्प. टाकीच्या तुलनेत खर्च चहापाण्याइतका.

पुण्यात बरेच जण मला विचारतात, हळद टाकू का? ट्रकवाले रेडिएटरमध्ये हळद टाकतात हे खरं आहे. रुंद नळ्यांच्या पितळी रेडिएटरनं गाडी पुढच्या गावापर्यंत नेलीही असेल. पण या गाड्यांच्या रेडिएटरमधले आणि हीटरमधले मार्ग अरुंद असतात. हळद असो की बाटलीतलं गळती-बंद औषध, ते छिद्राबरोबर चांगले मार्गही बुजवतं. कृपा करून टाकू नका.

आणखी एका गोष्टीनं लोकांची झोप उडते. हिवाळ्यात बॉक्स्टरच्या तेल भरायच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसते. तेलात पाणी गेलं, इंजिन संपलं, असं वाटतं. तेल भरायची नळी लांब आहे, थंड आहे, आणि रोज दोन-चार किलोमीटरच गाडी चालवली तर बाष्प तिथे जमून तेलाशी घोटलं जातं. आधी अर्धा तास महामार्गावर चालवा, झाकण पुसा, पुन्हा बघा. खरा संशय घ्यायचा तो कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आला तर. ज्वलनाचा वायू पाण्यात येतोय का, हे बघायला निळ्या द्रवाची चाचणी असते. टाकीतली हवा त्यातून ओढायची, कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा पिवळा होतो.

काम झाल्यावर पाणी भरताना घाई केलीत, तर सगळं मुसळ केरात. नळ्या इतक्या लांब की हवा अडकतेच. निर्वात पंपानं आधी हवा ओढून मग कूलंट भरणं सगळ्यात चांगलं. ते नसेल तर टाकीच्या झाकणाजवळच्या झडपेची तार उचलून ठेवा आणि काही दिवस गाडी चालवून पातळी बघत राहा. हवा बाहेर पडेल तशी ती थोडी उतरेल. ही गळती नव्हे, हे लक्षात ठेवा. माझी रेघ पहिल्या चार दिवसांत उतरली, मग थांबली. संपूर्ण हिवाळा ती तिथेच होती.

आणि सांडलेलं कूलंट तसंच सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. भरपूर पाण्यानं धुवा, जुनं कूलंट गटारात न ओतता डब्यात बंद करून ठेवा.

मागच्या रांगेतले एक जण म्हणाले, त्यांची जुनी टू-सीटर खाली उभी आहे, तिचं पाणी दोन वर्षं जातंय आणि आत गोडसर वास येतो. काचेवर आतून चिकट धुकं धरतं का? धरतं. मग पायाखालचा गालिचा उचलून बघायला हवा, हीटरचा रेडिएटर त्याच्याच वर, डॅशबोर्डच्या मागे असतो. एसीचं पाणी आणि कूलंट यांत गोंधळ होऊ नये म्हणून ओलसर जागेवर पांढरा टिश्यू दाबू. एसीचं पाणी निव्वळ पाणी असतं, कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि लवकर वाळत नाही. गाडी सकाळपासून उभी आहे ना? म्हणजे इंजिन गार आहे, झाकण उघडायला हरकत नाही. चला, खाली जाऊ. कुणाकडे पांढरी चिकटपट्टी असेल तर बरोबर घ्या.